भाच्याच्या लॅपटॉपवरचं ‘अँटिफा’ : अर्थ काय, उगम कुठला?

कावेसरकर | शनिवार, रात्री १०:५०

मंडळी, जरा मदत हवी. विषय राजकीय वाटेल, पण मूळ घरगुती आहे.

आज ताईकडे सानपाड्याला गेलो होतो. भाचा एम.एस.साठी अमेरिकेला निघालाय, व्हिसाची मुलाखत तीन आठवड्यांवर आली आहे. जेवणं झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला तर झाकणावर दोन स्टिकर. एक गोल, आत एक लाल आणि एक काळा झेंडा, भोवती जर्मनसारखं काहीतरी लिहिलेलं. त्याच्या शेजारी दुसरा, नुसते तीन तिरके बाण, खाली डावीकडे घुसणारे. मला तो सोलर पॅनलच्या कंपनीचा वाटला. तेवढ्यात शेजारचे काका डोकावले आणि म्हणाले, "अहो, हे अँटिफाचं आहे! अमेरिकेनं दहशतवादी ठरवलंय त्यांना. पोराला विमानतळावरूनच परत पाठवतील."

झालं. ताईचा चेहरा उतरला. भाचा म्हणतो "काही नसतं गं", आणि काका म्हणजे साक्षात बातम्यांचं चॅनल. मी मध्ये. तर हा शब्द नक्की आला कुठून, त्याचा अर्थ काय आणि मराठीत त्याला काय म्हणायचं, हे कुणी नीट सांगेल का? व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको, ते काकांकडून मिळालंय.

नेरुळचे नाना | शनिवार, रात्री ११:०५

मी आधी ‘अँटी-फा’ असं वाचलं. आमच्या वेळी फा नावाचा साबण यायचा, त्याला एवढा कडवा विरोध कोण करतंय कळेना. असो, जाणकार येईपर्यंत मी जागा धरून बसतो.

शब्दवेडी | शनिवार, रात्री ११:४०

नाना, तुम्ही सुधारणार नाही.

कावेसरकर, ‘अँटिफा’ हे ‘फॅसिस्टविरोधी’ या अर्थाच्या शब्दाचं जर्मन लोकांनी केलेलं लघुरूप आहे. पण आधी त्यातल्या ‘फा’कडे बघू, कारण मजा तिथे आहे. लॅटिनमध्ये ‘फास्केस’ म्हणजे काठ्यांची मोळी. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्याच्या पुढे चोपदार चालायचे, त्यांच्या खांद्यावर लाल पट्ट्यानं बांधलेली काठ्यांची मोळी आणि तीत खोचलेली कुऱ्हाड असायची. काठ्या फटक्यांसाठी, कुऱ्हाड मुंडकं उडवायला. अधिकाऱ्याच्या हाती काय काय आहे, ते एका दृष्टिक्षेपात कळायचं.

त्यावरून इटालियनमध्ये ‘फाशो’ म्हणजे मोळी, जुडी आणि पुढे जूट, संघटना. आता गंमत ऐका. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सिसिलीतल्या शेतकरी-कामगारांनी ‘फाशी’ (अनेकवचन, गळफास नव्हे) नावानं संघटना काढल्या होत्या. त्या चक्क डाव्या होत्या. जमिनीचे करार सुधारा, कर कमी करा, अशा मागण्या होत्या. १८९४मध्ये सरकारनं लष्कर घालून त्या मोडल्या. म्हणजे शब्दाला तेव्हा कुठलाच विखार नव्हता. आपल्या एकीच्या बळाच्या गोष्टीतली म्हाताऱ्यानं मुलांना मोडायला दिलेली मोळीच ती.

२३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये मुसोलिनीनं, पुढे इटलीचा हुकूमशहा झालेल्यानं, आपली ‘लढाऊ जूट’ काढली आणि मोळी त्याच्या नावावर चढली ती कायमची. ‘फॅसिस्ट’ आणि ‘फॅसिझम’ त्यावरूनच. जांभळी नाक्याला मेथीच्या जुड्या निवडताना मला दर वेळी हे आठवतं, आणि भाजीवाली ओरडते, "ताई, घ्यायची तर घ्या!"

नेरुळचे नाना | शनिवार, रात्री ११:४६

म्हणजे फॅसिझम म्हणजे मोळीवाद आणि अँटिफा म्हणजे मोळीसोडे. मराठी प्रतिशब्द तयार आहे, मानधन पाठवा.

एल्बेकाठचा | रविवार, सकाळी ८:१५

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीनं मला अडीच वर्षं हँबुर्गला पाठवलं होतं. तिथे विजेच्या खांबांवर, सिग्नलवर, बारच्या मुतारीत हा दोन झेंड्यांचा स्टिकर जागोजागी दिसायचा. आधी मला तो फुटबॉल क्लबचा वाटायचा. तिथल्या सांक्ट पाउली क्लबच्या चाहत्यांना तो फार प्रिय आहे, त्यामुळे अगदीच चूक नव्हतो.

वर्तुळाभोवती ‘अँटिफाशिस्टिशे आक्त्सिऑन’ लिहिलेलं असतं, म्हणजे फॅसिस्टविरोधी कृती. ही आघाडी जर्मन कम्युनिस्ट पक्षानं मे १९३२मध्ये जाहीर केली. चिन्ह पक्षाच्याच दोन चित्रकारांनी काढलं, माक्स काइलसन आणि माक्स गेबहार्ड. मूळ चिन्हात दोन्ही झेंडे लाल होते. काळा झेंडा खूप नंतरचा, १९८०च्या दशकातला. तेव्हा अराजकतावादी तरुण पोरं त्यात आली आणि त्यांनी एक झेंडा आपला करून घेतला.

पण कावेसरकर, तुमच्या भाच्याचा दुसरा स्टिकर! ते तीन बाण सोलरवाल्यांचे नाहीत. ते ‘आयर्न फ्रंट’चे, लोखंडी आघाडीचे. ती डिसेंबर १९३१मध्ये समाजवादी लोकशाही पक्ष, कामगार संघटना आणि त्यांचे संरक्षक दल यांनी मिळून उभारली. बाणांची कल्पना सर्गेई चाखोतिन या रशियन शास्त्रज्ञाची. तो कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी गाजलेल्या पाव्हलॉवच्या हाताखाली काम केलेला माणूस. हिशेब साधा होता. भिंतीवर नाझींचं चिन्ह दिसलं की त्यावर खडूनं तीन तिरक्या रेघा ओढायच्या. चिन्ह पुसायची गरज नाही, फुली बसते.

आणि हे तीन बाण कुणावर रोखलेले? नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीतल्या त्यांच्या पोस्टरवर तिघांची नावं आहेत : पापेन (तेव्हाचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख), हिटलर आणि थेलमान. थेलमान म्हणजे कम्युनिस्टांचा पुढारी! त्याच्याच पक्षानं ते दोन झेंड्यांचं वर्तुळ काढलेलं. उलट बाजूनं कम्युनिस्ट या समाजवाद्यांना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणत. तुमच्या भाच्यानं एकमेकांचे गळे धरणारे दोघे शेजारी-शेजारी चिकटवलेत.

कावेसरकर | रविवार, सकाळी ८:५०

काय सांगता! दोघंही हिटलरच्या विरोधात आणि एकमेकांच्याही?

एल्बेकाठचा | रविवार, सकाळी ९:२०

हो ना. आकडे बघा म्हणजे जास्त वाईट वाटेल. त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत नाझींना ३३.१ टक्के मतं आणि १९६ जागा मिळाल्या. समाजवाद्यांना २०.४ टक्के आणि १२१ जागा, कम्युनिस्टांना १६.९ टक्के आणि १०० जागा. बेरीज तुम्हीच करा. अर्थात बेरजेनं सरकार झालं असतं असं मी म्हणत नाही, त्यांची तोंडं दोन दिशांना होती. ३० जानेवारी १९३३ला हिटलर चॅन्सेलर झाला आणि मग दोन्ही पक्षांचे लोक एकाच छळछावणीत भेटले.

स्पष्टवक्ता | रविवार, सकाळी १०:०२

म्हणजे शेवटी कम्युनिस्टांचंच पिल्लू ना? मग ‘फॅसिस्टविरोधी’ वगैरे गोंडस नाव कशाला? सरळ लाल म्हणा. बर्लिनची भिंत याच लोकांनी बांधली.

शब्दवेडी | रविवार, दुपारी १२:३०

भिंतीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि तो शब्दाच्या इतिहासातला फार लाजिरवाणा तुकडा आहे. ऑगस्ट १९६१मध्ये उभारलेल्या त्या भिंतीला पूर्व जर्मनीचं सरकार अधिकृतपणे ‘फॅसिस्टविरोधी संरक्षक भिंत’ म्हणायचं. बंदुका मात्र आपल्याच पळणाऱ्या लोकांवर रोखलेल्या.

पण ‘कम्युनिस्टांचंच पिल्लू’ हे लघुरूपापुरतं खरं. मूळ शब्द इटलीत त्याच्या आधीच दहा वर्षं चलनात होता आणि तो वापरणारे नाना रंगांचे होते. १९२१च्या उन्हाळ्यात मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांशी रस्त्यावर दोन हात करणारं ‘अर्दिती देल पोपोलो’ हे दल निघालं. त्यात महायुद्धातून परतलेले सैनिक होते, अराजकतावादी होते, रिपब्लिकन (राजा नको म्हणणारे) होते. आणि दुसऱ्या टोकाला बेनेदेत्तो क्रोचे. गर्भश्रीमंत, उदारमतवादी, मार्क्सवर टीका करणारा तत्त्वज्ञ. एप्रिल १९२५मध्ये मुसोलिनीचा पाठीराखा तत्त्वज्ञ जेंतिले यानं फॅसिस्ट विचारवंतांचा जाहीरनामा काढला, त्याला क्रोचेनं १ मे रोजी ‘इल मोंदो’ दैनिकातून उत्तर दिलं. ते फॅसिस्टविरोधी विचारवंतांचा जाहीरनामा म्हणूनच ओळखलं जातं. कामगार दिनाचा मुहूर्त धरला, पण माणूस कामगारांचा नव्हता. त्याच्या बरोबरचा जोवान्नी आमेंदोला हाही उदारमतवादीच. ‘टोटॅलिटेरियन’ (सगळं एकाच सत्तेच्या मुठीत) हा शब्द त्यानं १९२३मध्ये मुसोलिनीच्या कारभारासाठी वापरला, तो आज जगभर चालतो. फॅसिस्टांनी त्याला इतकं मारलं की १९२६मध्ये तो त्यातच गेला.

आता माझा आवडता मुद्दा. मराठीत ‘नाही’ म्हणायच्या किती तऱ्हा आहेत बघा. ‘ब्राह्मणेतर’ आणि ‘ब्राह्मणविरोधी’ हे एक नव्हेत, आणि ते एक आहेत का यावर शंभर वर्षं वाद झाले. ‘असहकार’ मधला ‘अ’ वेगळा : मी तुमच्यावर हात उगारत नाही, तुमच्या कामाला हात लावत नाही, एवढंच. लोहियांचा ‘बिगर-काँग्रेसवाद’ आणखी वेगळा. त्यात काँग्रेस सोडून कुणीही चालतो, समाजवादी आणि जनसंघी एका पंगतीला. ‘-इतर’ला जन्म पुरतो. ‘बिगर’ला बाजूला उभं राहणं पुरतं. ‘-विरोधी’ला मात्र काहीतरी करावं लागतं. म्हणून जर्मन नावात ‘कृती’ आहे. ‘फॅसिस्टेतर’ असा शब्द कुणी केला नाही, कारण तसे तर आपण सगळेच असतो, ताटावर बसून.

नेरुळचे नाना | रविवार, दुपारी १२:४१

ताई, मी सध्या ताटावरच बसलोय. सुरमई आहे. कृतीला सुरुवात करतो.

स्पष्टवक्ता | रविवार, दुपारी १:१५

शब्दवेडीताई, क्रोचेचं मान्य. पण तुम्ही म्हणता तसं ‘-विरोधी’ला कृती लागते, तर फॅसिस्ट कोण हे आधी कुणीतरी ठरवायला नको का? १९३२मध्ये कम्युनिस्टांनी समाजवाद्यांना ठरवलं. भिंतीवाल्यांनी पश्चिम जर्मनीला. आपल्याकडे १९७५ घ्या. आणीबाणी इंदिराबाईंनी लावली, तुरुंगात विरोधक, आणि त्याच डिसेंबरात पाटण्याला ‘फॅसिस्टविरोधी परिषद’ भरली. कुणाच्या विरोधात? जेपींच्या! भरवणारा कोण? भारतीय कम्युनिस्ट पक्ष, जो आणीबाणीच्या बाजूनं होता. आणि येरवड्यात बसलेले लोक बाईंना फॅसिस्ट म्हणत होते. माझे वडील त्या वेळी आत होते. हा शब्द ऐकला की ते नुसते हसायचे.

शब्दवेडी | रविवार, दुपारी १:३८

याला माझ्याकडे उत्तर नाही. मुद्दा शंभर टक्के बिनतोड.

संपादक | रविवार, दुपारी १:५०

चर्चा छान चालली आहे. १९७५पर्यंत आलात, तिथेच थांबा. आजच्या पक्षांची नावं आली की धागा कुलूपबंद होईल. दोन प्रतिसाद उडवले आहेत, कुणाचे ते त्यांना माहीत आहे.

माणगावकर | रविवार, दुपारी ४:१०

मी राहतो कामोठ्यात, गाव माणगाव तालुक्यात. इतकं जर्मनी-इटली चाललंय, पण इटलीत जाऊन हे काम प्रत्यक्ष केलेला आमचा माणूस कुणालाच आठवला नाही म्हणून लिहितो.

नाईक यशवंत घाडगे, पळसगाव. मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी रेजिमेंट, तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. जर्मन मशीनगननं त्यांच्या तुकडीतली सगळी माणसं पडली किंवा जखमी झाली, उभे एकटे घाडगे. त्यांनी धावत जाऊन आधी बॉम्ब टाकला, मग टॉमीगननं गोळ्या झाडल्या, आणि गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून दांड्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. लगेच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानं कोकणात जाताना तुम्ही त्याच्याजवळूनच वाहतुकीत अडकलेले असता. तिकडे इटलीत मोंतोने गावात २०२३मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक केलंय.

आमच्या आजोबांच्या पिढीत प्रत्येक वाडीतलं कुणी ना कुणी पलटणीत होतं. कुणी इटलीत, कुणी ब्रह्मदेशात. त्यांना ‘फॅसिस्ट’ हा शब्द माहीत असेल असं मला वाटत नाही. ते ‘जर्मनच्या लढाईला’ गेले होते. पगार होता, घरी मनिऑर्डर यायची. आता त्यांना फॅसिस्टविरोधी म्हणायचं का? ताईंच्या हिशेबानं कृती तर भरपूर झाली.

शब्दवेडी | रविवार, संध्याकाळी ५:००

माणगावकर, या प्रतिसादासाठी नमस्कार. पनवेलहून पुढे त्या रस्त्यानं इतक्यांदा गेले, पण तो पुतळा कुणाचा हे कधी विचारलं नाही. लाज वाटली.

तुम्ही ब्रह्मदेशाचं नाव काढलंत म्हणून एक भर. ‘फॅसिस्टविरोधी’ हा शब्द पक्षाच्या नावात मिरवून सत्तेवर बसलेले लोक आपल्या शेजारीच होते. आँग सान यांची ‘फॅसिस्टविरोधी जनस्वातंत्र्य लीग’. तिथे फॅसिस्ट म्हणजे जपानी. आँग सान आधी जपान्यांच्याच बाजूनं लढले, मग उलटले. १९४८मध्ये देश स्वतंत्र झाला तो याच लीगच्या हातात.

एल्बेकाठचा | रविवार, संध्याकाळी ५:४५

मग मराठीत हा शब्द रुळला का नाही? ‘साम्राज्यवादविरोधी’, ‘जातिअंत’ हे ऐकू येतात. ‘फॅसिस्टविरोधी’ मात्र अजून भाषांतरासारखा वाटतो.

शब्दवेडी | रविवार, रात्री ९:३०

माझा अंदाज : १९४२मुळे.

जून १९४१मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि आपल्या कम्युनिस्टांसाठी युद्धाचं नावच पालटलं. आधी ते ‘साम्राज्यवादी युद्ध’ होतं, आता ‘लोकयुद्ध’ झालं. मुंबईतून निघणाऱ्या त्यांच्या मराठी साप्ताहिकाचं नावही ‘लोकयुद्ध’ होतं. फॅसिझम हरवायचा तर तूर्त इंग्रजांच्या युद्धप्रयत्नात खोडा घालायचा नाही, ही भूमिका. जुलै १९४२मध्ये सरकारनं पक्षावरची बंदी उठवली, आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’. म्हणजे घराघरातली पोरं भूमिगत होत होती आणि ‘फॅसिस्टविरोधी’ म्हणवणारे आंदोलनाला विरोध करत होते. रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी, हेही युद्धाच्या बाजूनंच होते, आणि त्यांच्यात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखी माणसं होती.

गंमत अशी की काँग्रेसही फॅसिझमच्या विरोधातच होती. १९३६मध्ये रोमहून जाताना नेहरूंनी मुसोलिनीची भेट टाळली होती. ‘छोडो भारत’च्या ठरावातही स्वतंत्र भारत आपली सगळी ताकद नाझी, फॅसिस्ट आणि साम्राज्यवादी आक्रमणाविरुद्ध लावील, असं लिहिलेलं आहे. तिन्ही शत्रू एका ओळीत! पण सामान्य माणसाच्या डोक्यात तो शब्द ज्यांच्या तोंडी होता, त्यांच्यावरचा राग शब्दालाही चिकटला. माझ्या आजोबांनी बेचाळीसमध्ये ठाण्याच्या तुरुंगात दिवस काढले. ते कम्युनिस्ट शेजाऱ्यांशी पुढे दहा वर्षं बोलले नाहीत, आणि त्याच शेजाऱ्यांच्या ग्रामोफोनवर मात्र गुपचूप कान लावून बसायचे.

एका अंगानं शब्द लोकांपर्यंत पोचलाही, पण पोवाड्याच्या वाटेनं. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला आणि गिरणगावानं तो ऐकला. तिथे ‘विरोधी’ वगैरे काही लागत नव्हतं, डफ पुरत होता.

स्पष्टवक्ता | रविवार, रात्री ९:५५

हे पटलं. आमच्या घरी बरोबर याच कारणानं तो शब्द बाटला होता. फरक एवढाच की माझे आजोबा दुसऱ्या बाजूचे.

कावेसरकर | रविवार, रात्री १०:१०

अफाट माहिती मिळाली. पण ताईचा फोन दर तासाला येतोय. दहशतवादी वगैरे खरं की खोटं?

एल्बेकाठचा | रविवार, रात्री १०:३५

अर्धं खरं. २२ सप्टेंबर २०२५ रोजी ट्रम्प यांनी आदेश काढून ‘अँटिफा’ला देशांतर्गत दहशतवादी संघटना म्हटलं. अडचण अशी की अमेरिकेच्या कायद्यात परदेशी संघटनेला दहशतवादी ठरवायची रीतसर पद्धत आहे, देशातल्या संघटनेसाठी तशी नाही. शिवाय ही एक संघटना नव्हेच. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, कार्यालय नाही. कुणी निषेध मोर्चे काढतं, कुणी रस्त्यावर मारामारी करतं, कुणी फक्त स्टिकर लावतं. सगळ्यांना तेच नाव. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेनं युरोपातले चार गट परदेशी दहशतवादी म्हणून घोषित केले, म्हणजे विषय अगदीच हवेतला नाही. विद्यार्थी व्हिसावाल्यांना सोशल मीडियाची खाती खुली ठेवायलाही जून २०२५पासून सांगितलं जातंय.

मुलाखतीला लॅपटॉप नेत नाहीत, त्यामुळे व्हिसा स्टिकरवर अडणार नाही. पण मी मामा असतो तर आत्ता काढायला सांगितला असता. मत बदल म्हणून नव्हे. विमानतळावरच्या माणसाला क्रोचे समजावत बसायला वेळ नसतो म्हणून.

सानपाडा_एक्सप्रेस | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार. मी तो भाचा. मामानं लिंक पाठवली, सगळं वाचलं.

खरं सांगू? ५० स्टिकरचं पाकीट ऑनलाइन मागवलं होतं, १४९ रुपयांचं. त्यात अंतराळवीर मांजर होतं, निवडुंग होतं, हे दोन होते. झेंडेवाला काय आहे हे साधारण माहीत होतं, म्हणून लावला. बाणवाला डिझाइन म्हणून आवडला. शेजारी-शेजारी का? तिथेच जागा होती. थेलमान कोण ते आज कळलं. एल्बेकाठचा काका, आभार. आता दोघांच्या मध्ये मांजर लावायचा विचार होता, पण आईनं फर्मान काढलंय.

माणगावकर काका, पुतळा नक्की कुठे येतो? जायच्या आधी गावी जाणार आहे, वाटेत थांबेन म्हणतो.

माणगावकर | रविवार, रात्री ११:३१

बाळा, निघायच्या आदल्या दिवशी फोन कर, मामाकडे नंबर देतो. मीच येतो बरोबर. माणगावात कुठेतरी अडकायचंच आहे, तर तिथे अडकू.

नेरुळचे नाना | रविवार, रात्री ११:४०

स्टिकर नखानं ओरबाडू नकोस, झाकणावर चरे पडतात. खोबरेल तेल लाव, दहा मिनिटं ठेव, मग जुन्या एटीएम कार्डानं हळूच सरकव. चिकटा उरला तर आईचा हेअर ड्रायर.

सानपाडा_एक्सप्रेस | सोमवार, सकाळी ७:०५

नाना, बाण निघाले. झेंडे अर्धे निघालेत, लाल गेला, काळा चिकटून बसलाय. तेल संपलं, आई ओरडतेय.